कंपनी बंद, तरी ट्रॅक्टर चालू : जुन्या लहान ट्रॅक्टरची दुरुस्ती आणि पार्ट शोधायची रीत

ऑक्टोबर छाटणी होऊन बाग पोंग्यात आली आणि वरून पाऊस पडला, की द्राक्षवाल्याला डावणीचा फवारा एक दिवसही लांबवता येत नाही. नेमका त्याच दिवशी ब्लोअर ओढणारा जुना ट्रॅक्टर क्लच सोडतो. पार्टच्या दुकानात गेलं तर उत्तर मिळतं, "हे मॉडेल बंद झालं, आता माल येत नाही." पेरणीच्या तोंडावर कोरडवाहू शेतकऱ्यावरही हीच वेळ येते. मग घाईत चांगलं चालणारं मशीन भंगाराच्या भावात जातं आणि नव्या ट्रॅक्टरचा हप्ता मागे लागतो.

खरं तर २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या जुन्या ट्रॅक्टरचे नेहमी झिजणारे बहुतेक पार्ट आजही मिळतात. फक्त दुकानात जाऊन ट्रॅक्टरचं नाव सांगण्याऐवजी त्याचं घराणं, पार्टचा नंबर आणि माप सांगावं लागतं. ही माहिती हाताशी असेल तर शोध सोपा होतो.

आधी घराणं ओळखा

आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर बहुतेक परदेशी कंपन्यांच्या डिझाइनवर बनलेले आहेत. बॉनेटवरचं नाव बदललं, कंपनी विकली गेली, तरी आतलं मशीन त्याच घराण्याचं राहिलं. म्हणून पार्ट आज कोणाकडे मागायचा हे यावरून कळतं.

- एचएमटी २५११, ३५११ : मूळ चेकोस्लोव्हाकियाचं झेटर. एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला हे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये हा विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. झेटरने या मालिकेत दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या इंजिनांना बरेच भाग एकसारखे ठेवले होते. त्यामुळे २५११ चा पार्ट मिळाला नाही तर ३५११ च्या पार्टशी माप जुळवून बघावं.
- महिंद्रा बी-२७५ : मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टर. महिंद्राने १९६३ मध्ये त्यांच्याशी भागीदारी केली. पार्ट मागताना साल सांगा आणि नावापुढे डीआय आहे का तेही सांगा. डीआय इंजिनचं हेड, पिस्टन आणि नोझल वेगळे येतात.
- मॅसी फर्ग्युसन १०३५ : चेन्नईच्या टॅफे कंपनीचा, मूळ मॅसी ३५ च्या वळणाचा. इंजिन सिम्पसनचं, तीन सिलिंडरचं. इंजिनचे पार्ट सिम्पसनच्या विक्रेत्याकडेही विचारता येतात.
- फोर्ड ३६०० : एस्कॉर्ट्सने बनवलेला. फोर्डशी करार संपल्यावर हेच घराणं फार्मट्रॅक नावाने पुढे चाललं. जुन्या फोर्डचा पार्ट शोधताना फार्मट्रॅकच्या दुकानात माप जुळवून बघा.
- आयशर २४१ : मूळ जर्मन आयशर. एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेने घेतला.
- स्वराज ७२४, ७३५ : डिझाइन देशी. दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या डिझाइनवर मोहालीच्या पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ मध्ये स्वराज आणला. इंजिनाचं नातं किर्लोस्करशी. २००७ मध्ये ही कंपनी महिंद्राकडे गेली.
- मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी : बागेतला साडेअठरा हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर, तीन सिलिंडरचा. बेंगळुरूच्या व्हीएसटीने जपानच्या मित्सुबिशीच्या तंत्रावर बनवला. कंपनी चालू आहे, त्यामुळे पहिला फोन तिच्या डीलरलाच करावा.

नंबर आणि माप : अर्धा शोध इथेच संपतो

इंजिन आणि चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये कायम ठेवा. पट्टीवर गंज किंवा रंग चढला असेल तर डिझेल लावलेल्या चिंधीने पुसून घ्या. खरवडू नका, नंबर पुसला तर पुढे आरटीओतही अडचण येते.

बरेच पार्ट कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीचे नसतात, ते ठरावीक मापाचे असतात आणि मापावरच मिळतात. त्यातले चार नेहमी लागणारे :

- बेअरिंग : रिंगवर नंबर कोरलेला असतो. साध्या बॉल बेअरिंगमध्ये शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील तर त्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये निघतं. ६२०५ आणि ६३०५ या दोन्हींचं भोक २५ मिलिमीटर. पण ६२०५ बाहेरून ५२ मिलिमीटर आणि ६३०५ बाहेरून ६२ मिलिमीटर असतं. म्हणून नंबर पूर्ण सांगा. पुढे सी३ अक्षर असेल तर तेही सांगा, त्या बेअरिंगमध्ये मोकळीक जास्त असते.
- ऑइल सील : तीन आकडे असतात. ३५-५२-७ म्हणजे आतून ३५, बाहेरून ५२ आणि जाडी ७ मिलिमीटर. हे तीन आकडे जुळले तर सील कोणत्या गाडीचं आहे याने फरक पडत नाही. फक्त ओठ एक आहे की दोन ते बघून घ्या.
- फॅन बेल्ट : पट्ट्यावर लिहिलेला सेक्शन आणि लांबी बघा. अक्षरं पुसली असतील तर जुना पट्टा सोबत न्या.
- डिझेल पंप आणि नोझल : पंपावर पट्टी असते. जुन्या पंपांवर मायको लिहिलेलं असतं. मायको कंपनीचंच नाव २००८ मध्ये बॉश झालं. पंपाची पट्टी बघून बॉशच्या डिझेल सेंटरवर एलिमेंट आणि नोझल सांगता येतं, ट्रॅक्टरचं नाव लागतच नाही.

सेल्फ आणि डायनामोचंही तसंच आहे. बऱ्याच मशीनवर लुकास-टीव्हीएसचा माल असतो. आर्मेचर, कार्बन, बुश त्या नंबरवर मिळतात. डायनामो पूर्ण गेला असेल तर बॅटरीवाले ब्रॅकेट बनवून अल्टरनेटर बसवून देतात आणि तो चांगला चालतो.

माप घ्यायला एक व्हर्नियर कॅलिपर घरात असावा. नसेल तर तालुक्यातल्या लेथवाल्याकडून माप घेऊन कागदावर लिहून घ्या. झिजलेल्या जागेवर माप घेऊ नका, शाफ्टचा न झिजलेला भाग शोधा.

ट्रॅक्टरचं मॅन्युअल नसेल तर आणखी एक मार्ग आहे. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर मॉडेलची चाचणी होते. चाचणी अहवालात इंजिन, क्लच, टायर वगैरेंची मापं दिलेली असतात. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून अहवाल मोबाइलवर शोधून बघा.

सूत की मिलिमीटर?

जुन्या इंटरनॅशनल, मॅसी आणि फोर्डमध्ये बोल्ट इंचाच्या, म्हणजे सुताच्या मापात असतात. झेटर, आयशर आणि मित्सुबिशी घराण्यात ते मिलिमीटरमध्ये असतात. चार सुती बोल्ट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्या भोकात १२ चा बोल्ट ढिला बसतो. आटे वेगळे असताना पाना लावून जोर केला, की बिडाच्या भोकातले आटे जातात. एका बोल्टमुळे मोठी कास्टिंग खराब होते. नवीन बोल्ट पहिले तीन-चार आटे हाताने फिरला पाहिजे. फिरला नाही तर तो बोल्ट त्या जागेचा नाही.

इंजिन खोलण्याआधी हे बघा

बरीच इंजिनं गरज नसताना खोलली जातात. आधी स्वस्तातली कारणं तपासा.

काळा धूर : एअर क्लीनर भरला आहे, नोझल थेंब टाकतो आहे किंवा रोटर जास्त खोल लावला आहे.

निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. पण जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइलच्या एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं असेल तर तेच इंजिनात ओढलं जातं. आधी ती वाटी बघा, मग रिंगकडे जा.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर काळजी नाही. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंगवर संशय घ्या. ऑइल काडीवर ऑइल दुधासारखं दिसलं तर ट्रॅक्टर चालवू नका.

चालता चालता बंद पडतो : बहुतेक वेळा डिझेलमध्ये हवा शिरते. टाकी भरा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हात-पंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलच्या पाइपचे नट ढिले करून इंजिन फिरवा, डिझेल आलं की आवळा.

सेल्फ उचलत नाही : बॅटरीची टोकं आणि बॉडीला जोडलेली अर्थची पट्टी घासून घट्ट करा, मगच सेल्फ उतरवा.

लिफ्ट उचलत नाही : ऑइलची पातळी आणि जाळी बघा. जाळी गाळाने भरलेली असली तर नवा पंप टाकूनही उपयोग होत नाही.

क्लच सरकतो : पायडलला मोकळी चाल उरली आहे का बघा. नसेल तर आधी सेटिंग करा.

इंजिन तापतं : आपल्याकडचं विहिरीचं, बोअरचं पाणी क्षाराचं. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. गळती थांबवायला हळद टाकण्याची रीत आहे, पण ती घरापर्यंत येण्यापुरती. नेहमी टाकली तर त्याच नळ्या बुजतात. कूलंट घाला, निदान स्वच्छ गोडं पाणी वापरा.

खोलायचंच ठरलं तर

काम सुरू होण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी यांची जोडी बदलू देऊ नका. टायमिंग गिअरवरच्या खुणा उतरवण्याआधीच बघून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माप घेण्याआधी माल आणणं. क्रँक घासल्यावर बेअरिंग कोणत्या साइजचं लागेल ते टर्नर सांगतो : ०१०, ०२०, ०३०. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात, ०१० म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. आधी स्टँडर्ड बेअरिंग आणून ठेवलं तर ते पडून राहतं, नाहीतर मिस्त्री तेच बसवून देतो आणि ऑइल प्रेशर पडतं. लायनर-पिस्टनचंही तसंच. झेटर घराण्याच्या इंजिनात ओला लायनर असतो, म्हणजे बाहेरून पाणी खेळतं. तिथे लायनरखालचे रबर आणि बसण्याची जागा नीट साफ केली नाही तर पाणी थेट ऑइलमध्ये उतरतं.

क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत तोडावा लागतो. हे काम मजुरीचं आणि वेळेचं असतं. म्हणून नुसती प्लेट बदलून परत जोडू नका. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकच्या मागचं सील त्याच वेळी बदला. सील गळत राहिलं तर नवी प्लेट तेलात भिजून पुन्हा सरकते.

पार्ट शोधायचा क्रम

१. तालुक्याचं दुकान. नंबर, माप आणि जुना पार्ट घेऊन जा. जुन्या दुकानांत मागे पडून राहिलेला माल असतो, तो मालकाच्याही लक्षात नसतो.

२. घराण्याचा वारसदार डीलर. आयशरसाठी टॅफे गटाचा, फोर्डसाठी फार्मट्रॅकचा. त्याच्याकडच्या पार्ट कॅटलॉगमधल्या चित्राचा फोटो मागा. त्यावर पार्ट नंबर असतो आणि तोच नंबर पुढे कुठेही पाठवता येतो.

३. सुट्या मालाच्या कंपन्या. पंपासाठी बॉश, सेल्फसाठी लुकास-टीव्हीएस, मॅसीच्या इंजिनासाठी सिम्पसन.

४. मोठे बाजार. पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला. लायनर, पिस्टन, बेअरिंग बनवणारे कारखाने राजकोटला आहेत. दिल्लीचं काश्मिरी गेट हा पार्टचा जुना ठोक बाजार. एचएमटीचा कारखाना हरियाणात असल्यामुळे त्याच्या मालासाठी पंजाब-हरियाणाकडे विचारायला हरकत नाही.

५. करून घेणं. बुश, पिन, शाफ्ट, स्पेसर, पुली लेथवर बनते. मोठ्या कामासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं होतं. बिडाचा तडा साध्या रॉडने वेल्ड करू नका, बाजूला नवा तडा जातो. त्यासाठी तापवून निकेल रॉडने किंवा पितळी वेल्डिंग करणारा माणूस शोधा. गिअरचा तुटलेला दात वेल्डिंगने भरून घेतला तर तो टिकत नाही. तिथे दुसरा गिअरच लागतो.

भंगारातला माल आणि कागद

गिअर, हाउसिंग, हेड, लिफ्टचे भाग असे नवे न मिळणारे पार्ट बहुधा भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरवरूनच मिळतात. एकाच मॉडेलचे ट्रॅक्टर असणाऱ्या गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक भंगार ट्रॅक्टर घेतला तर सगळ्यांची सोय होते.

पण इंजिनचा ब्लॉक घेताना सावध राहा. ब्लॉकवर नंबर असतो. नंबर घासलेला, ठोकून बदललेला असेल तर तो ब्लॉक घेऊ नका, चोरीच्या मालात नाव अडकतं. विकणाऱ्याकडून त्याच्या आरसीची प्रत आणि लेखी पावती घ्या. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, त्याची नोंद आरटीओ कार्यालयात करून घ्यावी लागते. नाहीतर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येते.

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते. जुन्या ट्रॅक्टरवर मोठा खर्च करण्याआधी आरसीची तारीख बघून घ्या.

डुप्लिकेट आणि फोनवरची खरेदी

जेन्युइन मालाच्या डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि बनवणाऱ्याचा पत्ता असतो. बेअरिंगवरचे आकडे पुसट किंवा नखाने निघणारे असतील तर परत करा. लोकल माल सगळाच वाईट नसतो. मडगार्ड, सीट, दिव्याची काच लोकल चालते. पण बेअरिंग, क्लच प्लेट, ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे एंड आणि नोझल यांत पैसे वाचवू नका.

बिल मागाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ठरावीक भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. सगळ्या पार्टना हा दर नाही, म्हणून बिलावर कोणता दर लावला ते बघा.

लांबच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर विचारताना चार फोटो पाठवा : ट्रॅक्टरची पट्टी, पार्ट समोरून, पार्ट बाजूने आणि कोरलेला नंबर. शेजारी मोजपट्टी ठेवा. अनोळखी माणसाने आधी सगळे पैसे मागितले तर व्हिडिओ कॉलवर पार्ट आणि दुकान दाखवायला सांगा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

जीव जाईल अशा चुका

- खाली उभं राहून सेल्फच्या टोकांवर पाना टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर पुढे झेपावतो आणि मागचं चाक अंगावरून जातं. सीटवर बसूनच चालू करा. स्विच खराब असेल तर तो आधी बदला.
- नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नका. खाली स्टँड किंवा लाकडी ओंडके द्या. मधून तोडताना पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी पाचर मारा, नाहीतर इंजिनचा भाग कलतो.
- नोझलची फवार तपासताना हात पुढे धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं. गेलंच तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठा.
- गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- पीटीओचं कव्हर काढून ठेवू नका. शर्टाची बाही किंवा उपरण्याचं टोक अडकलं तरी माणूस ओढला जातो.

कुठे थांबायचं?

दुरुस्ती सुरू करण्याआधी मिस्त्रीकडून सगळ्या कामाची यादी लिहून घ्या : पार्ट, मशीनिंग, मजुरी वेगवेगळी. इंजिन, गिअरबॉक्स आणि लिफ्ट या तिन्हींतलं एकच काम निघालं असेल तर जुना ट्रॅक्टर सहसा परवडतो. दोन मोठी कामं एकदम निघाली, टायरही गेले आणि आरसीही संपली असेल, तर चालू स्थितीतल्या तशाच दुसऱ्या ट्रॅक्टरचा भाव काढून दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सच्या हाउसिंगला मोठा तडा असेल आणि दुसरं कास्टिंग सापडत नसेल, तर पैसे ओतत राहू नका. तेव्हाही अख्खा ट्रॅक्टर वजनावर देऊ नका. त्याच मॉडेलवाल्याला पार्ट म्हणून दिला तर भंगारापेक्षा जास्त पैसे येतात.

हंगामाआधी घरात असू द्या

फॅन बेल्ट १, डिझेल फिल्टर २, ऑइल फिल्टर १, रेडिएटरचे होज पाइप वरचा-खालचा, वॉटर पंपाचा किट, नोझलचे तांब्याचे वायसर, पुढच्या चाकाचे बेअरिंग आणि सील, क्लच प्लेट १. कोरडवाहूवाल्यांनी हे मे महिन्यात आणून ठेवावं, द्राक्षवाल्यांनी ऑक्टोबर छाटणीआधी. ऐन फवारणीच्या दिवशी पार्ट शोधायला निघालं तर मिळेल तो माल आणि सांगेल तो भाव पत्करावा लागतो.